यादीत नसलेलं घर

आमच्या संस्थेत तिला सगळे 'पाणीमॅडम' म्हणत. पाठीमागे, अर्थात. समोर नुसतं मॅडम. नवीन माणसांना वाटे, बाई पाण्याच्या योजना बघतात म्हणून हे नाव पडलं असेल. योजना ती बघत होती हे खरं, पण नावाचं कारण निराळं होतं.

दर वर्षी नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना ती तीन दिवसांचं प्रशिक्षण देई. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, म्हणजे निम्मा वर्ग उघड्या डोळ्यांनी झोपलेला असतो त्या वेळी, ती फळ्यावर एकच वाक्य लिही: यादीत नसलेल्या घरी पाणी मागा. मग हात झटकत सांगे, "तुम्ही गावात जाणार हे गावाला आठ दिवस आधी कळलेलं असतं. शाळेला रंग लागलेला असतो. कुठली घरं दाखवायची ते ठरलेलं असतं. त्या घरांत जे दिसेल ते तुमच्यासाठी मांडलेलं. म्हणून परत निघताना, गाडी सुरू झाल्यावर, खाली उतरायचं. म्हणायचं, तहान लागली. आणि यादीत नसलेल्या पहिल्या दारात जाऊन पाणी मागायचं. तिथे पाच मिनिटांत जे कळेल ते अहवालात लिहा. बाकीचं परिशिष्टात ढकला."

एखादा चुणचुणीत विचारी, "पण मॅडम, लोक खोटं कशाला दाखवतात? आपण तर मदत करायला जातो."

"खोटं नाही दाखवत. पाहुणे यायचे म्हणून आवरतात. तुझ्या घरी कोणी यायचं असलं की तुझी आई पसारा कुठे कोंबते?"

"पलंगाखाली."

"मग पलंगाखाली बघ."

मांडलेलं घर कसं ओळखायचं, याच्या तिच्या काही खुणा होत्या. पलंगावर घड्यांच्या रेघा न मोडलेली कोरी चादर. मोरीत अक्षरं न झिजलेला साबण. आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे प्रश्न संपायच्या आत आलेलं उत्तर. "असं उत्तर तुमच्या प्रश्नाला नसतं," ती म्हणे. "तुम्ही लवकर जावं म्हणून असतं."

मी अकरा वर्षं तिचे अहवाल तपासत होतो. माझं काम अहवालांतली विशेषणं काढून टाकण्याचं. तिच्या अहवालांत ती नसतच, त्यामुळे तिच्या बाबतीत मला वेळ उरे, आणि वेळ उरलेल्या माणसाला लोक गोष्टी सांगतात. ती हुद्द्याने माझ्या वर, वयाने खाली. ऑफिसात मी तिला अहो म्हणे; लिहिताना मात्र ते जमत नाही.

पायी हिंडून घरोघरचे तक्ते भरण्यापासून तिने सुरुवात केली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी तिच्याकडे तीन देशांतल्या शाळांचं पाणी, त्यांची स्वच्छतागृहं आणि दोनशे माणसं होती. ती तिकडे राही आणि दर तीन महिन्यांनी दहा दिवस घरी येई. घरी तिची मुलगी होती. मुलीला सगळे ठकी म्हणत.

ठकी चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. सकाळी दाढी करायला बसले, ते उठले नाहीत. पुढचे दोन महिने घरात जो तो येऊन सांगून गेला, की आता पोरीकडे बघ, बाहेरचं पुरे. पोरीकडे कशाच्या जोरावर बघायचं, ते सांगायच्या आत प्रत्येकाची गाडी सुटत होती. राहिली एकच, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना ती वन्सं म्हणे. वन्संनी लग्न केलेलं नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं आणि दुकानावर एक खोली. त्या म्हणाल्या, "तू जा वहिनी. गणवेश शिवणाऱ्या बाईला पोरं काही नवीन नाहीत. मापं तर मला सगळ्यांची पाठ आहेत."

ती गेली, पण कागद करून गेली. वडील गेलेल्या मुलाचं घर बदलू नये, खोली बदलू नये, जमलं तर पलंगाची दिशासुद्धा बदलू नये, असं तिने वाचलेलं होतं आणि इतरांसाठी लिहिलेलंही होतं. म्हणून असं ठरलं, की वन्संनी रोज दुकान बंद करून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर यायचं, ठकीला जेवू घालायचं आणि तिथेच झोपायचं. वन्सं हो म्हणाल्या. तेव्हा त्यांचे गुडघे तिसरा मजला चढत होते.

फोन रविवारी सकाळी दहाला. आता आमच्या संस्थेची एक पद्धत सांगितली पाहिजे. कुठलंही काम कसं चाललंय हे आम्ही तीन रंगांत सांगतो. ठीक असलं की हिरवा, अडखळत असलं की पिवळा, थांबलं असलं की लाल. साहेबलोकांना वाचायला वेळ नसतो, म्हणून ही सोय. ठकी सहा वर्षांची झाली तेव्हा आईने हा खेळ पोरीला शिकवला.

"शाळा?"

"हिरवी."

"जेवण?"

"पिवळं. आत्या दुधी करते."

"झोप?"

"हिरवी. आत्याची लाल. मी लाथा मारते."

दोघी हसत. पलीकडून वन्संचा आवाज येई, "माझ्या कंबरेचा रंग विचार म्हणावं." खेळ छान होता. तीन वर्षं चालला.

मग एका रविवारी ठकी म्हणाली, "मैत्रिणी, लाल."

तिची एकुलती एक जिवलग मैत्रीण तिच्याशी बोलेनाशी झाली होती. नऊ वर्षांच्या मुलीला याहून लाल काही असत नाही. आईने पुढचे प्रश्न विचारले नाहीत. हातातलं काम टाकलं, तीन विमानं बदलली आणि मंगळवारी संध्याकाळी ती दारात उभी राहिली. तोवर मैत्रिणींची दिलजमाई होऊन चोवीस तास उलटले होते आणि दोघी जमिनीवर पालथ्या पडून चित्रं रंगवत होत्या.

त्या दिवशी तिने एक चूक केली. ती करायला आमच्या धंद्यातलंच माणूस लागतं. मैत्रीण घरी गेल्यावर तिने ठकीला मांडीवर घेतलं आणि आपल्या जिवाचं किती मोल आहे ते पोरीला नीट कळावं म्हणून म्हणाली, "बघ, तुझ्यासाठी मी चाळीस शाळांचं पाणी थांबवून आले."

वाक्य खरं होतं. तिच्या सहीवाचून पाइप सुटणार नव्हते. काम तीन आठवडे लांबलं. तिच्या मते आईने मुलीला याहून मोठी गोष्ट सांगितलेली नव्हती. पुढच्या रविवारपासून सगळं हिरवं झालं, आणि पुढची चार वर्षं हिरवंच राहिलं.

एवढा हिरवा अहवाल माझ्या टेबलावर आला असता तर तिनेच तो परत पाठवला असता.

मधल्या काळात तिला एक सुख लाभलं होतं. ते ती कुणाला सांगत नसे, मला एकदा विमानतळावर गाडीची वाट बघताना सांगितलं. गेली दोन वर्षं ठकी बोलताना अगदी जवळ येई. वीतभर अंतरावर तोंड आणून आईकडे टक लावून बघे. फोनवरही तसंच, पडद्यावर नुसतं कपाळ आणि दोन डोळे. "तेरा वर्षांची पोरगी," ती म्हणाली, "या वयात पोरी आईला टाळतात. माझी माझं तोंड बघून घेते. साठवून ठेवत असेल." हे म्हणताना ती रस्त्याकडे बघत होती. विशेषण वापरलं नाही तरी मला आवाजात ते ऐकू आलं.

विमानतळाबाहेरच्या गर्दीत मात्र ठकी कधी पहिल्यांदा हात करत नसे. वन्संनी केला की मग करी. आईला वाटे, मोठी होतेय, लाजते.

गेल्या वर्षी तिला वरची जागा देऊ केली. मुख्यालयात, अकरा देशांची संचालक. आमच्या इथून त्या जागेवर आजवर कोणी गेलं नव्हतं. होकार द्यायचा तर तीन वर्षं हलता येणार नव्हतं आणि घरी येणं वर्षातून दोनदा. नकार द्यायचा तर इथल्या ऑफिसात प्रशिक्षण विभाग रिकामा होता, पण तिथे गेलेल्या माणसापुढे मग निवृत्तीच उरते. उत्तर द्यायला दहा दिवस दिले. नेमके ते तिच्या रजेचे दहा दिवस होते. ती म्हणाली, "ठकीला विचारते. ती सांगेल ते करीन." मला ते बरं वाटलं. न्याय्य वाटलं. तेरा वर्षांच्या मुलीवर हे ओझं टाकू नये, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

तिने रजेच्या सहाव्या दिवशी विचारलं. सकाळची वेळ, ठकी शाळेची वेणी घालत होती.

"ठके, एक सांग मला. खरं सांग. मी जर आणखी तीन वर्षं—"

"जा ना आई."

"अगं, प्रश्न तरी ऐक."

"मोठी जागा आहे ना? आत्या म्हणाली. जा की. इथे सगळं नीट आहे." ठकी जवळ आली, वीतभर अंतरावर थांबली, आईच्या डोळ्यांत बघून हसली. "हिरवं आहे गं."

मग दप्तर घेऊन जिना उतरली. आई दारात उभी राहिली. तिने मला पुढे सांगितलं, की तिच्या मनात आधी सुख आलं, आणि मग ज्या बाईने वीस वर्षं दुसऱ्यांना तेच शिकवलं त्या बाईला झोपेतून हलवून उठवावं तसं झालं. उत्तर प्रश्नाच्या आधी आलं होतं.

ती आत वळली. ठकीच्या पलंगावर कोरी चादर होती, घड्यांच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. पाच रात्री झोपून चादर मोडली नाही, म्हणजे पोरगी रेघांवर बेताने झोपत असावी. न्हाणीघरातला साबण उचलला, अक्षरं शाबूत. टेबलावर सहा पेन्सिली, सगळ्या सारख्याच टोकदार, सारख्याच लांबीच्या. खिडकीतल्या कुंडीत रोप होतं. तेच रोप तीन महिन्यांपूर्वी होतं असं तिला वाटत होतं. आता तिने पानं मोजायला घेतली आणि मधेच हात काढून घेतला.

पलंगाखाली वाकून बघितलं. काही नव्हतं. धूळसुद्धा नव्हती. तिने मला सांगितलं, "धूळ असती तर बरं वाटलं असतं."

दुपारी चारला ती वन्संच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे दहा बाय बारा. समोर काउंटर, मागे दोन शिवणयंत्रं, भिंतीला सहा शाळांचे नमुन्याचे गणवेश टांगलेले, आत मुलं नसलेले. वन्सं एका निळ्या पिनाफोरला पट्ट्या घालत होत्या.

"वन्सं, पाणी मिळेल?"

वन्संचा पाय पायट्यावर थांबला. "का गं, फ्लॅटचा नळ गेला?"

"नाही. तहान लागली."

"दोन गल्ल्यांत?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "थांब, आणते वरून." आणि उठण्यासाठी काउंटरला धरलं.

"तुम्ही नका, मी घेते." वाक्य पुरं व्हायच्या आत ती जिन्यावर होती. मागून वन्संचा आवाज आला, "वहिनी, वर पसारा आहे." बायका हे सगळ्याच घरांत म्हणतात. पण वन्संचा आवाज निराळा होता.

वरच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मोडलेली, चुरगळलेली, एका कोपऱ्यात शाई सांडलेली चादर. खाटेखाली ठकीच्या चपला, ठकीची रंगपेटी, चावून टोकं उडालेल्या पेन्सिली, एक फाटका मोजा, इयत्ता पाचवीपासूनच्या वह्या. खुंटीवर ठकीचा टॉवेल. भिंतीवर कॅलेंडर. त्यात आईच्या येण्याच्या तारखेला गोल होता आणि जाण्याच्या तारखेलाही. जाण्याचा गोल जास्त ठसठशीत होता का, हे तिला ठरवता आलं नाही. तिने मला हे दोनदा सांगितलं.

कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवला होता, ठकीच्या अक्षरात. 'आई यायच्या आधी.' खाली रकाने पाडून तक्ता केलेला: काम, तारीख, जबाबदार व्यक्ती, झालं की नाही. फ्लॅट उघडून पंखे पुसणं, मी आणि आत्या. कपडे तिकडे नेणं, मी. नवी चादर आणि साबण, आत्या. कुंडी बघणं, मेली असल्यास बदलणं, मी. चष्मा दुकानात ठेवणं, मी. सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. मी तो तक्ता पुढे बघितला. आमच्या ऑफिसात असा तक्ता करू शकतील अशी तीन माणसं आहेत, आणि त्यांतली एक ती स्वतः.

ती कागद घेऊन खाली आली. पाणी प्यायची राहिली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

वन्संनी यंत्र बंद केलं. "तीन वर्षं होतील. माझे गुडघे गेले वहिनी. तीन मजले. पहिल्यांदा एक दिवसाआड जायचो, मग रविवारी तुझ्या फोनापुरतं."

"फोनापुरतं?"

"तुला मागे ते घड्याळ दिसायला हवं ना. पोरगी म्हणाली, आईला ती भिंत आवडते."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? तुझ्या त्या तक्त्यात गुडघ्याला रंगच नव्हता." वन्संनी दोरा दाताने तोडला. "आणि पोरीने शपथ घातली. म्हणाली, आत्या, सांगितलंस तर ती परत येईल."

"मग? यायला नको होतं मी?"

वन्सं काही बोलायच्या आत दारातून ठकी आली. दप्तर पाठीवर, वेणी सुटलेली, आणि डोळ्यांवर चष्मा. जाड काचांचा, एका बाजूला चिकटपट्टी लावलेला. पायरी चढता चढताच, रोजची सवय असावी तसा तिने तो काढला, घडी घातली आणि काउंटरवर ठेवला. मग समोर बघितलं. दहा फुटांवर, टांगलेल्या गणवेशांशेजारी, एक बाई उभी होती.

"बसा ना मावशी," ठकी म्हणाली. "आत्याला वेळ लागतो." आणि आत्याकडे वळून खालच्या आवाजात, "हे घे, ठेव. फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलंय, आज तिकडे काही वाचायचं नाही. चारच दिवस राहिले."

"ठके," वन्सं म्हणाल्या.

"तू त्यांचं माप घे आधी. मला घाई नाही."

आई स्टुलावर बसली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही; पोरीने बसा म्हटलं होतं. बसल्यावर तिने हाक मारली, साधीच, घरात मारतात तशी. ठकी वळली. मग चार पावलं पुढे आली, वाकली, वीतभर अंतरावर तोंड आणलं, आणि डोळे बारीक करून नीट बघितलं.

"आई," ती म्हणाली. "तू आहेस होय."

त्या क्षणी काय झालं ते मॅडमने मला अहवालासारखंच सांगितलं. दोन वर्षांची ती जवळीक, ते टक लावून बघणं, फोनवरचं कपाळ, सगळ्याचा उलगडा एका वाक्यात झाला. साडेतीन नंबर. साडेतीन नंबरच्या डोळ्यांना वीतभरापलीकडे चेहरा दिसत नाही, चेहऱ्याच्या जागी एक फिकट डाग दिसतो. पोरगी माया करत नव्हती असं नाही, ती म्हणाली. पण आधी समोर कोण आहे ते बघत होती.

दोघी चालत घरी निघाल्या. चष्मा तिने स्वतः पोरीच्या डोळ्यांवर बसवला होता. दांडी सैल होती, सारखी घसरत होती.

"सांगितलं का नाहीस? साधा चष्मा तर आहे."

"तू परत आली असतीस."

"चष्म्यासाठी?"

"मैत्रीण बोलेना तर आलीस." ठकीने दांडी वर सरकवली. "चाळीस शाळा होत्या. एका शाळेत तीनशे मुलं धरली तर बारा हजार. मी तेव्हाच गुणाकार केला होता. आम्हाला नुकताच शिकवला होता."

आई चालत राहिली. थोड्या वेळाने ठकीच म्हणाली, "पण मला काही त्रास नव्हता गं. दहाच दिवस तर असतात."

तिची समजूत घालण्यासाठी म्हणाली होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी, मुदत संपताना, तिने नकार कळवला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. मला तपासायला काही नव्हतं. वरच्या साहेबांचा फोन आला, फेरविचार करा म्हणाले, अकरा देश म्हणाले. ती हो हो करत होती आणि पेन्सिलीचं टोक चावत होती. ठकीला तिने सांगितलं, की तिकडची हवा आता सोसत नाही, डॉक्टर नको म्हणाले.

"माझ्यामुळे नाही ना?" ठकीने विचारलं.

"नाही गं—"

"नक्की?"

"छे. तुझा काय संबंध." प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं गेलं हे तिच्या लक्षात आलं. ठकीच्याही आलं असावं. त्याच आईची मुलगी. आता दोघीही एकमेकींसाठी घर आवरू लागल्या.

आणि पाहुणी जाईना. दहा दिवसांच्या बेताने मांडलेलं घर अकराव्या दिवशीही मांडूनच ठेवायचं म्हणजे कोणालाही जड जातं. तिसऱ्या आठवड्यात ठकी म्हणाली, की आत्याकडून शाळा जवळ पडते, सोमवार ते गुरुवार तिकडे राहिलं तर चालेल का. आई म्हणाली, चालेल की. गणवेशांच्या दुकानावरच्या खोलीत ठकीची खाट तशीच होती. फ्लॅटमधली चादर तेवढी धुऊन कपाटात गेली.

आता ती माझ्या खालच्या मजल्यावर बसते. दर वर्षी पोरापोरींना शिकवते. या वर्षी मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिने फळ्यावर तेच वाक्य लिहिलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाणी मागितलं, खरं काय ते कळलं. त्यानंतर काय करायचं?"

तिने बराच वेळ खडू हातात फिरवला. "पेला विसळून ठेवायचा," ती म्हणाली. वर्ग हसला.

परवा रविवारी काही कागदांवर तिच्या सह्या हव्या होत्या, म्हणून मी फ्लॅटवर गेलो. सकाळचे दहा वाजत होते. भिंतीवरच्या त्या घड्याळाखाली चहा झाला. ठकी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पुस्तक घेऊन बसली होती. नवी फ्रेम होती, चिकटपट्टी नव्हती. मला नमस्कार केला, दोन खुर्च्यांच्या अंतरावरून, चेहरा ओळखून.

"परीक्षेचं काय गं?" आईने विचारलं.

ठकीने प्रश्न पुरा होऊ दिला. मग थोडा विचारही केला. "गणित वाईट जाणार आहे," ती म्हणाली. "त्रिकोण कळत नाहीत."

गेल्या पाच वर्षांत तिने आईला सांगितलेलं हे पहिलं वाईट होतं. आईने ते एखादी भेटवस्तू घ्यावी तसं घेतलं. "बरं," ती म्हणाली. "बरं. बघू आपण." आणि सवयीने थोडी पुढे वाकली, मान किंचित उचलून, पोरीचं तोंड जवळ यायचं त्या जागी आपलं तोंड नेऊन थांबली.

ठकीला आहे तिथून सगळं नीट दिसत होतं. तिने पान उलटलं.

आई जरा वेळ तशीच राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुठे करायच्यात सह्या?"